ऊन व्हायच्या आत फ्रान्स

आमच्या नगरच्या सायकल ग्रुपने फ्रान्स पाहिला तो हेल्मेटला लावलेल्या बॅटरीच्या उजेडात. हे मी चेष्टेने लिहीत नाही, तसंच घडलं. पश्चिम फ्रान्समध्ये समुद्राच्या अलीकडे एक मोठा पाणथळ मुलूख आहे. सगळा सपाट, कालव्यांनी चिरलेला, मधून एक संथ नदी. तिथे सायकलवर सावकाश हिंडायचं, वाटेत थांबायचं, खायचं, पाणी बघत बसायचं, अशी ती आठवडाभराची सहल होती. आमच्या मंडळींनी ती पहाटेच्या काळोखात उरकून टाकली. परत आल्यावर त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि स्टेजवरून त्या मुलखाच्या सौंदर्याचं वर्णनही झालं. ते ऐकताना शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला होता. लोकांना वाटलं असेल, ती भारावली.

ग्रुपचा प्रमुख प्लायवूडचा व्यापारी आहे. त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. ही पदवी त्याने स्वतःच स्वतःला दिली आहे, आणि गळ्यात शिट्टी अडकवली आहे. दर रविवारी पहाटे शिट्टी वाजते आणि ग्रुप निघतो. नियम एकच, ऊन व्हायच्या आत घरी. आमच्याकडे उन्हाळ्यात हा नियम शहाणपणाचा आहे, हे मीही मान्य करतो. पण ही मंडळी डिसेंबरातही ऊन व्हायच्या आत घरी येतात आणि येऊन करायचं काय, हे ठाऊक नसल्याने केडगावच्या कॉलनीत गोल गोल फिरतात. मोबाईलवरचा आकडा पन्नासाला दोन किलोमीटर कमी पडला की एकाच गल्लीत चकरा मारून तो भरायचा. पूर्वी कुत्री भुंकायची, आता तीही मान वर करत नाहीत. हिवरे बाजारला हे लोक कितीदा गेले असतील. गावाच्या पाटीखाली बॅनर धरून फोटो काढायचा, मिसळ खायची, परत. तिथल्या डोंगरावर पाणी कसं अडवलंय ते बघून येऊ असं मी एकदा सुचवलं, तर कॅप्टन म्हणाला, "सर, त्याने ॲव्हरेज पडतो."

मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. घरातला पहिला पदवीधर. वडिलांची अक्षरओळख सहीपुरती, पण त्यांनी कर्जतच्या बाजारातून कुणाचीतरी वापरलेली काळी, जाड सायकल आणली म्हणून मी हायस्कूलला जाऊ शकलो. तिच्या मागच्या चाकात हवा टिकत नसे. आमच्या भूगोलाच्या सरांनी स्वतःच्या खोलीत एक पंप ठेवला होता. शाळा सुटली की मी दाराशी उभा राहायचो आणि ते न विचारता पंप पुढे करायचे. मी पुढे भूगोलच घेतला, त्यात त्या पंपाचा वाटा आहे असं मला अजून वाटतं. त्यामुळे सायकलीची कुणी टिंगल केली तर मला सोसत नाही, आणि सायकलीचा माज तर अजिबात सोसत नाही.

बायकोचं माहेर भीमेच्या काठाला. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढची पलीकडच्या काठावर. तिचे भाऊ सायकली होडीत घालून पलीकडे जायचे. मुलींनी होडीत बसायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं, पण बसवलंही कुणी नाही. तिची शाळा तिथे संपली. मुलगी नोकरीसाठी जर्मनीला गेल्यावर घर रिकामं झालं, तेव्हा एका संध्याकाळी ती म्हणाली, मला सायकल शिकवा. केडगावात एन.ए. करून तसेच पडलेले प्लॉट बरेच आहेत. तिथे मी सीट धरून मागे पळायचो. ती शिकली, चांगली शिकली. फक्त घाई शिकली नाही. कुणी कांदा चाळीत भरत असेल तर ही उतरून विचारणार, यंदा कसा आहे. ग्रुपमध्ये ती अर्थातच सगळ्यांत मागे असायची, पण येत राहिली. त्यामुळे मुलीने फ्रान्समधल्या त्या सहलीची आम्हाला भेट द्यायचं ठरवलं तेव्हा ग्रुपमधल्या पाच जणांनीही तीच सहल घेतली. सोबत होईल, असं मी मुलीला म्हणालो. ते वाक्य मला नंतर पुरून उरलं.

जायच्या आधी मी मन लावून तयारी केली. तो मुलूख म्हणजे पूर्वीची समुद्राची खाडी. शेकडो वर्षं कालवे खणून माणसांनी तिची शेतं केली. वर्गात फळ्यावर मी हे कितीदा काढलेलं. दुसऱ्याच्या घरी जायचं तर त्याच्या भाषेत नमस्कार करता यायला हवा, म्हणून फ्रेंच वाक्यंही पाठ केली आणि बायकोकडून करून घेतली. कॅप्टननेही तयारी केली होती. त्याने सगळ्यांसाठी जर्सी शिवून घेतल्या. पाठीवर तिरंगा आणि तिरंग्याखाली त्याच्या प्लायवूडच्या दुकानाचा पत्ता. फ्रान्समधल्या गायींना प्लायवूड विकायचं असावं.

पहिल्या मुक्कामी जेवण झाल्यावर त्याने हुकूम सोडला. "उद्या साडेपाचला रिपोर्टिंग."

"कॅप्टन," मी म्हटलं, "सप्टेंबर आहे. इथे साडेसातपर्यंत नीट उजाडत नाही. नाश्ता आठला आहे, तो आपल्या बुकिंगमध्ये धरलेला आहे."

"नाश्ता काय सर, नगरलाही मिळतो."

"आणि उद्या सगळं मिळून तीस किलोमीटर जायचंय."

"म्हणूनच म्हणतो. ऊन व्हायच्या आत उरकून टाकू."

"इथे ऊन होत नाही."

"ऊन सगळीकडे होतं, सर. भूगोल तुम्ही शिकवता ना?"

सगळे हसले. त्यात एक दातांचा डॉक्टर होता, तो सगळ्यांत जास्त हसला. हा डॉक्टर कॅप्टनच्या प्रत्येक वाक्यानंतर हसतो, दवाखान्याचं फर्निचर उधारीवर झालंय की काय कोण जाणे.

तर आम्ही अंधारात निघालो. त्या मुलखातून माझा पहिला प्रवास मी पुढच्याच्या लाल दिव्याकडे बघत केला. उजव्या हाताला कालवा आहे हे मला वासावरून कळलं. एकदा पाण्यात काहीतरी जड पडलं, काय ते दिसलं नाही. शिट्टी वाजत होती. आठच्या आत आम्ही पुढच्या मुक्कामाच्या गावात हजर झालो. दार बंद. घंटा वाजवली तेव्हा वरची खिडकी उघडून मालकाने खाली पाहिलं, डोक्याला बॅटऱ्या लावलेले सात लोक दिसले, त्याने घड्याळाकडे बोट दाखवून चार बोटं वर केली आणि खिडकी लावून घेतली. खोली चारला मिळणार. आमच्या बॅगा घेऊन येणारी व्हॅन मागच्या गावातून नऊनंतर निघणार. म्हणजे घामाने भिजलेले कपडेही बदलायची सोय नाही. नाश्ता मागच्या गावात राहिला. आम्ही चर्चसमोरच्या बाकांवर बसून दशम्या आणि चिवडा खाल्ला.

बेकरी उघडल्यावर डॉक्टरने लांब पाव आणला. कॅप्टनने तो दाबून पाहिला. "शिळा दिला तुला. कडक झालाय." तो पाव भट्टीतून नुकता निघालेला होता, हाताला गरम लागत होता. मग आकडा भरायची वेळ झाली. तीस किलोमीटरला काय पन्नास म्हणता येणार? आमचे पाच जण चर्चला चकरा मारायला लागले. समोरच्या घरात एक म्हातारी खिडकीतल्या फुलझाडांना पाणी घालत होती. तिने थोडा वेळ पाहिलं, मग आत जाऊन आणखी एका म्हातारीला घेऊन आली. आपल्याकडे देवळाला प्रदक्षिणा असते, एवढं तरी सांगावं असं मला वाटलं, पण माझ्या पाठ वाक्यांत ते नव्हतं.

बारा वाजता गावातली दोन्ही दुकानं बंद झाली. लोक जेवायला घरी गेले. रस्त्यावर माणूस नाही. कॅप्टनने बाकावर आडवं होत निष्कर्ष काढला, "इथले लोक आळशी आहेत." मग तो तोंड उघडं टाकून झोपला.

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. बायकोला पुढचा लाल दिवा दिसेनासा झाला, एका फाट्यावर ती दुसरीकडे वळली आणि दिसत नाही म्हणून तिथेच उतरून उभी राहिली. माझ्या लक्षात आल्यावर मी शिट्टीवाल्याला हाका मारल्या. तो थांबला नाही. मी मागे जाऊन तिला शोधलं. ती दोन्ही हातांनी सायकल घट्ट धरून उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना पाणी होतं आणि ते तिला दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. आम्ही पोचलो तेव्हा मंडळी बाकावर चिवडा खात होती.

"वहिनी," कॅप्टन म्हणाला, "सायकल बैलगाडीला बांधली होती का?"

डॉक्टर हसला. "सर, उद्या वहिनींना बॅगांच्या टेम्पोत बसवा. निवांत येतील. बॅगांवर लक्षही राहील."

"बसते की," बायको म्हणाली, आणि पिशवीतून चटणीचा डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला.

संध्याकाळी खोलीत ती पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "अहो, घरी गेल्यावर ती सायकल भाचीला देऊन टाकू."

"का?"

"मला न्हाई जमायचं हे."

"काय जमायचं नाही? चालवतेस की."

"चालवते. पळवता न्हाई येत. आन् ह्या लोकांत पळवायलाच लागती."

"हे लोक म्हणजे काय सायकल चालवणं नव्हे."

"मग कोन हाय? दुसरं कुनी दाखवा मला."

दाखवणार कुठून? दोन दिवसांत आम्ही अंधार आणि बंद दारंच पाहिली होती. इतक्या वर्षांनी तिने स्वतःसाठी मागून घेतलेली एकच गोष्ट होती ती, आणि एका प्लायवूडवाल्याच्या शिट्टीपायी ती सुटायला निघाली होती. मला झोप आली नाही, रागानेच.

तिसऱ्या पहाटे कॅप्टनने दार ठोठावलं. "सर, वहिनी टेम्पोत येतील. तुम्ही तरी चला. ग्रुपची शिस्त आहे."

"मी नाश्ता करणार आहे," मी आतूनच म्हटलं.

असं उत्तर त्याला कुणी दिलं नसावं. मग शिट्टी वाजली आणि ते गेले.

आठ वाजता घरमालकिणीने टेबल मांडलं. पाव, लोणी, अंजिराचा मुरंबा, कॉफीचे मोठे वाडगे. बायको सायकलचे कपडे न घालता चांगला पंजाबी ड्रेस, वर शाल आणि मांडीवर पर्स घेऊन एसटीची वाट बघावी तशी बसली होती. बाहेर उजाडलं. खिडकीच्या मागेच कालवा होता आणि कालचा सगळा दिवस पुढच्या दारासमोर बाकावर काढून आम्हाला ते कळलं नव्हतं. पाण्यावर हिरव्या बारीक पानांचा थर इतका सपाट बसला होता की सारवलेलं अंगण वाटावं. त्याच्यावरून एक बदक चालत आल्यासारखं पोहत आलं आणि त्याच्या मागे काळ्या पाण्याची रेघ उघडत गेली. बायको खाता खाता थांबून बघत राहिली.

व्हॅन आली. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, उरलेलं हातांनी सांगितलं. माझी पत्नी, तुमच्या गाडीतून, पुढच्या गावी. ड्रायव्हर मान हलवून हसला. मागे बॅगा छतापर्यंत. पुढच्या सीटवर त्याचा कुत्रा बसला होता आणि त्याचा उठायचा विचार दिसत नव्हता. माणसं न्यायची परवानगी नाही, असं ड्रायव्हरने पुष्कळ शब्दांत सांगितलं, आमच्या बॅगा उचलल्या आणि बायकोला सलाम करून तो गेला.

"आता वं?" ती म्हणाली.

"आता सायकल."

"ते लोक पोचलं असतील."

"पोचू दे. दार चारलाच उघडणार आहे."

तिने चर्चच्या घड्याळाकडे पाहिलं. दहासुद्धा वाजले नव्हते. "चारला? मंग लई येळ हाय की."

तिने शाल कॅरियरला बांधली आणि आम्ही निघालो. त्या दिवशी काय झालं ते सांगायला काही नाही, आणि तीच त्या सहलीतली मजा होती. रस्त्याच्या कडेला झुडपांना काळी, आंबटगोड फळं लागली होती. तिथल्याच एक बाई डबा भरत होत्या, त्यांनी खाऊन दाखवलं, मग आम्हीही खाल्ली. दोन्हीकडे उंच झाडांच्या रांगा, मधे पाणी, पाण्यात झाडं उलटी. एक माणूस छत्री रोवून गळ टाकून बसला होता. बायकोने त्याला मराठीत विचारलं, "घावलं का काई?" त्याने रिकामी बादली उलटी करून दाखवली. पुढे बगळा दिसला. "आपल्याकडलाच हाय," ती म्हणाली, "खाऊन मातलाय." अंधारात जड असं जे पडलं होतं तेही दिसलं. मांजराएवढा, पिवळ्या दातांचा पाणउंदीर होता, काठावर बसून गवत खात होता.

दुपारी रस्ता पाण्यात संपला. नकाशात तो पलीकडे चालू होता. मधे रुंद कालवा, पूल नाही. पलीकडच्या काठाला एक सपाट लोखंडी होडी, होडीत माणूस नाही. इकडच्या काठावर खांबाला एक साखळी बांधलेली, ती पाण्यात उतरत गेलेली. शेजारी पाटी होती. मी ती वाचायला फोन काढला. बायकोने पाटीवरचं चित्र पाहिलं, साखळी उचलली आणि ओढायला लागली. एक हात पुढे, एक हात मागे. साखळी शेवाळ घेऊन वर येत होती. पलीकडची होडी हलली आणि आपली आपण आमच्याकडे यायला निघाली.

आम्ही सायकली होडीत घातल्या. दुसऱ्या टोकाची साखळी ओढली की होडी पलीकडे जाते, कुणीही यावं, ओढावं आणि जावं. मी हात लावायला गेलो तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मला येतंय." अर्ध्या पाण्यात तिने ओढायचं थांबवलं. होडी थोडी फिरली आणि उभी राहिली. ओल्या साखळीवरून पाणी ठिबकत होतं.

"भीमा एवढी मोठी नव्हती तवा," ती म्हणाली. "उन्हाळ्यात तर न्हाईच." मग थोड्या वेळाने, "एवढीच साखळी लागत हुती."

तिने हात ड्रेसला पुसले आणि पुन्हा ओढायला लागली.

पुढच्या गावात शिरलो तेव्हा चार वाजायला थोडा वेळ होता. बंद दारासमोरच्या बाकांवर आमची मंडळी पसरली होती. डॉक्टरचं नाक उन्हाने लाल झालं होतं. ऊन झालं होतं तर. कॅप्टन जागा होता आणि वैतागलेला होता.

"या, वहिनी. आलात का टेम्पोतून?"

"न्हाई. होडीतनं."

"कुठली होडी? अहो, आमचा रस्ता पाण्यात संपला. नकाशाच चुकीचा. अंधारात परत फिरलो, हायवेने आलो. ट्रकवाले काय हॉर्न मारतात राव."

"होडी पल्याड हुती की. साखळी वढली की येती."

"साखळी होय," डॉक्टर म्हणाला. "मला वाटलं, रस्ता बंद आहे म्हणून बांधलीय." या वेळी कुणी हसलं नाही. साखळी पायाशी होती आणि पाच बॅटऱ्यांना ती दिसली नव्हती.

कॅप्टनने विषय बदलला. "बरं, किती झाले तुमचे?"

"काय किती?"

"किलोमीटर, वहिनी."

"कुनाला ठावं," ती म्हणाली आणि बाकाच्या टोकाला बसून केसांतली पानं काढू लागली.

चार वाजले. दार उघडलं. तिने हात जोडून घरमालकाला फ्रेंच नमस्कार घातला. उच्चार माझ्यापेक्षा बरा होता. तो तिच्याकडे वळून बरंच काही बोलला आणि तिची सायकल स्वतः आत घेऊन गेला. कॅप्टनच्या जर्सीवरचा पत्ता त्याने वाचला नाही.

राहिलेले दिवस ते पहाटे जात आणि आम्ही नाश्त्यानंतर. टेम्पोचं नाव कुणी काढलं नाही. कॅप्टन रोज संध्याकाळी ग्रुपवर आकडा टाकत असे. त्या सहलीत माझ्यासमोर एकदाही त्याने पाण्याकडे पाहिलं नाही, फोटोसाठी पाठ करून उभा राहिला तेव्हा सोडून.

मग नगरला तो सत्कार. स्टेजवर कॅप्टन म्हणाला, "तिथला हिरवागार निसर्ग, ती शांतता, शब्दांत सांगता येणार नाही." हे मात्र खरं होतं, त्याला सांगता येणं शक्यच नव्हतं. शेवटी बायकोलाही वर बोलावलं. "वहिनींनीही जमेल तसं केलं," असं म्हणून शाल दिली. तिने घेतली. घरी येताना स्कूटरवर मी विचारलं, "मग, भाचीला सायकल कधी द्यायची?"

"तिला दुसरी घ्या," ती मागून म्हणाली.

रविवारी पहाटे शिट्टी अजून वाजते. ती कूस बदलून झोपते. पोहे खाऊन, भांडी घासून, मग ती सायकल काढते. मोठा रस्ता सोडून शेतांच्या वाटेने जाते, कधी मी बरोबर असतो, कधी नाही. मागच्या आठवड्यात मी होतो. समोरून ग्रुप परत येत होता, घामाघूम, आकडा भरायला कॉलनीकडे निघालेला. कॅप्टनने वेग कमी न करता हाक दिली.

"वहिनी, आता कुठे निघालात? ऊन होईल."

"होऊ द्या," ती म्हणाली. आणि पुढच्या बांधावर कुणीतरी मेथी उपटत होतं, तिथे उतरली.